‘गाळप’ आणि ‘गाळपाला’ : कोशनोंदीतील प्रत्ययांची वर्गवारी

‘गाळप’ला कोशात स्वतंत्र नोंद मिळते, ‘गाळपाला’ला मिळत नाही. ‘गाळ’ या धातूला ‘प’ लागून नवे नाम घडले, म्हणून तो साधक प्रत्यय. ‘ला’ त्या नामाचे वाक्यातले नाते दाखवतो, म्हणून तो विभक्तिप्रत्यय. त्याची जागा व्याकरणात. मोरो केशव दामले यांनीही ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) शब्दसिद्धीचा विचार विभक्तीपासून वेगळा केला आहे.

भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात रोज कानी पडणारे शब्दच पाहावेत. ‘कारखान्यात’मध्ये सामान्यरूप आहे, ‘कारखानदार’मध्ये नाही. तसेच ‘इंदापुरात’, पण ‘इंदापूरकर’. कसोटी चांगली, तरी पुरेशी नाही : ‘बारामतीत’ आणि ‘बारामतीकर’ या दोहोंत मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. तिथे निवाडा अर्थावरच.

खरी अडचण ‘चा’ची. शाळेतल्या तक्त्यात तो षष्ठीचा प्रत्यय. पण भवानीनगरचा ऊस, भवानीनगरची मळी, भवानीनगरचे गाळप असा तो विशेषणासारखा लिंगवचनाप्रमाणे बदलतो. ‘आजचा’, ‘वरचा’ असा अव्ययांनाही लागतो आणि ‘घरच्यांना’मध्ये त्याच्यावर पुन्हा विभक्ती चढते. त्याला एकाच खान्यात कोंबणे चूक ठरेल. ‘घरचे’ म्हणजे कुटुंबीय, या रूढ अर्थाला नोंद हवीच, ‘भवानीनगरचा’ला नको.

रुमानियन कोशातही हाच न्याय : ‘ओम’ (माणूस) नोंदीत येतो, निश्चितता दाखवणारा प्रत्यय लागलेले ‘ओमुल’ हे त्याचेच रूप, त्याला वेगळी नोंद नसते.