जुन्या ड्रमसेटची कालनिश्चिती

जुना ताम्रपट हाती आला की संशोधक प्रथम त्यावरील शकाचा आकडा वाचतो. मात्र त्या आकड्यावर तो लगेच विश्वास ठेवीत नाही. दिलेल्या तिथीला दिलेला वार येतो काय, हे तो गणिताने ताडून पाहतो. अक्षरांचे वळण त्याच शतकाचे आहे की दोनशे वर्षांनंतरचे, हे न्याहाळतो. पत्रा स्वतःविषयी जे सांगतो आणि त्याच्या अंगावरील खुणा जे सांगतात, त्या दोहोंचा मेळ बसला तरच त्याची साक्ष ग्राह्य धरली जाते. ही शिस्त गेल्या शतकातील एका साध्या आणि काहीशा गोंगाटी वस्तूला लावून पाहण्याचा आमचा विचार आहे. ती वस्तू म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील ड्रमसेट.

हे वाद्य तसे अर्वाचीनच. लष्करी बँडात मोठा ढोल एकाने, स्नेअर ड्रम दुसऱ्याने व झांजा तिसऱ्याने वाजवायच्या, अशी वाटणी असे. नाट्यगृहांत आणि नृत्यगृहांत तिघांना जागा पुरेना आणि तिघांचा पगारही परवडेना. म्हणून ही सारी कामे एकाच वादकाकडे आली, आणि ढोल पायाने वाजवण्याची सोय करणे भाग पडले. शिकागोच्या विल्यम लुडविग याने वेगाने चालणारे पेडल तयार केले आणि १९०९ साली आपला भाऊ थिओबाल्ड याच्यासह लुडविग अँड लुडविग ही कंपनी काढली. १९२०च्या दशकात पायाने वाजवायचे ढोल २८ इंच व्यासाचेही असत. १९६०च्या सुमारास २० आणि २२ इंचांचे ढोल रूढ झाले. तेव्हा ढोलाचा व्यास ही पहिली साक्ष. पण ती ढोबळ.

दुसरी साक्ष ढोलाच्या पोटात सापडते. १९२०च्या दशकातील कित्येक ढोलांच्या आत विजेचा दिवा बसवलेला असे. पुडीवर रंगवलेले निसर्गदृश्य त्याने उजळून निघे हे खरे. परंतु त्याचे अधिक मोलाचे काम निराळे होते. पुडी वासराच्या कातड्याची. दमट हवेत ती सैल पडे, म्हणून दिव्याच्या उबेने ती ताणलेली ठेवावी लागे. पावसाळ्यात तबल्याची पुडी उतरलेली ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नलगे. दिवा केव्हाच गेलेला असतो. पण तो जेथे बसवला होता तेथील भोके खोडात राहतात.

आता बिल्ल्याकडे वळू. प्रत्येक ड्रमच्या अंगावर कंपनीचा धातूचा बिल्ला असतो आणि कोणीही प्रथम तोच वाचतो. लुडविगचेच उदाहरण घ्या. ही कंपनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस कॉन या वाद्यनिर्मात्यांच्या ताब्यात गेली. काही वर्षांनी विल्यम लुडविग तेथून बाहेर पडला. परंतु स्वतःचे आडनाव वापरण्याचा हक्क त्याच्याकडे उरला नव्हता. म्हणून १९३७ साली त्याने केवळ आद्याक्षरांवर डब्ल्यू. एफ. एल. या नावाची नवी कंपनी काढली आणि १९५५ साली आपले नाव कॉनकडून परत विकत घेतले. यावरून डब्ल्यू. एफ. एल.चा बिल्ला १९३७पूर्वीचा असू शकत नाही, एवढे निश्चित होते. पुढे कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचा बिल्ला आला आणि १९६३च्या अखेरीपासून त्यावर अनुक्रमांक येऊ लागले.

क्रमांक आला म्हणजे सारे सोपे झाले, असे वाटणे साहजिक आहे. परंतु कारखान्यात हे बिल्ले क्रमाने बसवले जात नसत. कामगाराच्या हाती येईल तो बिल्ला तो ठोकी. त्यामुळे मोठ्या आकड्याचा ड्रम लहान आकड्याच्या ड्रमपेक्षा जुना निघाल्याची उदाहरणे आहेत. शिवाय बिल्ला एका खोडावरून काढून दुसऱ्यावर बसवता येतो. सरकारी नोकरीतील आपल्या वाचकांना आम्ही असे सांगू, की बिल्ला हा नेमणुकीच्या आदेशासारखा आहे. मनुष्य कोठून निघाला हे त्यावरून कळते. तो कोठे कोठे राहिला आणि त्याच्यावर काय काय गुदरले, हे कळायला सर्व्हिस बुकच उघडावे लागते.

ड्रमचे सर्व्हिस बुक म्हणजे त्याचे खोड. लुडविगची १९६०च्या दशकातील लाकडी खोडे तीन पदरांची असत आणि त्यांच्या दोन्ही कडांना आतून बळकटीसाठी लाकडी कडे जोडलेले असे. १९७६च्या सुमारास ती कडी गेली आणि खोड सहा पदरांचे झाले. आतील रंगही बदलत गेला: १९६०च्या आसपास पांढरा, दशकाच्या मध्यास बहुधा साधे लाकूड व त्यावर वॉर्निश, आणि दशकाच्या अखेरीस करड्या ठिपक्यांचा. त्या काळातील पुष्कळ खोडांत दिनांकाचा शिक्का आढळतो. मात्र तो दिनांक त्या एका खोडाचा. एकाच संचातील तीन ड्रमांवर तीन निरनिराळे दिनांक आढळले तरी त्यात संशयास्पद काही नाही. कारखान्याने तयार मालातून संच जुळवला, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत बोलकी साक्ष दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ड्रम देतात. धातू बंदुका व विमाने यांसाठी हवा म्हणून अमेरिकन सरकारने १९४२ साली वाद्यांवर निर्बंध घातले. वाद्याच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक धातू वापरण्यास मनाई झाली. ज्यांत पुडीच्या ताणाचे स्क्रू फिरतात त्या बैठकी, ज्यांना वादक ‘लग’ म्हणतात, एरवी धातूच्या असत. त्या लाकडाच्या घडवाव्या लागल्या. कडीही लाकडाची झाली. स्लिंगरलँड कंपनीच्या अशा ड्रमला ‘रोलिंग बॉम्बर’ हे नावही युद्धानेच दिले. युद्ध संपताच धातू परत आला. त्यामुळे लाकडी लग असलेल्या अशा ड्रमचा काळ बिल्ला न वाचताही तीन-चार वर्षांच्या कक्षेत सांगता येतो. सरकारी हुकूमही वस्तूच्या अंगावर असा उमटून राहतो.

उलट सर्वांत कमी भरवशाची साक्ष पुडीची. १९५७च्या सुमारास मायलार या प्लास्टिकच्या पुड्या बाजारात आल्या आणि कातडे मागे पडले. परंतु पुडी हा भाग फाटण्यासाठी आणि बदलण्यासाठीच असतो. १९४०च्या ढोलावर प्लास्टिकची पुडी असेल, तर तो ढोल १९५७नंतरही वाजत होता, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. यातून एक नियम हाती लागतो: प्रत्येक भागाचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा; संपूर्ण संच आज आहे त्या रूपात त्यातील सर्वांत नव्या भागापूर्वी अस्तित्वात नव्हता.

या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. लंडनमधील दुकानदार आयव्हर आर्बिटर याच्याकडून बीटल्सच्या रिंगो स्टारने १९६३ साली लुडविगचा काळ्या-करड्या शिंपल्याच्या रंगाचा संच घेतला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर सुमारे सात कोटी तीस लाख लोकांनी बीटल्सचे वादन पाहिले, आणि लुडविगच्या कारखान्यास मागणी पुरवता पुरवता दिवस अपुरा पडू लागला. रिंगोकडे त्याच रंगाचे एकाहून अधिक संच होते. मग अमुक संच कोणता, हे कसे ओळखावे? शिंपल्याचा भास देणाऱ्या त्या आवरणातील लाटा कोणत्याही दोन ड्रमांवर सारख्या नसतात. जुन्या छायाचित्रातील लाटा समोरच्या ड्रमवरील लाटांशी ताडून पाहिल्या, की बोटाच्या ठशाप्रमाणे ओळख पटते. रिंगोच्या पहिल्या लुडविग संचाला २०१५च्या लिलावात वीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली.

किमती अशा चढल्या की लबाडीही वाढते, आणि लबाडीइतकेच नुकसान प्रामाणिक हौस करते. जुना ड्रम ‘नवा’ करण्याच्या भरात खोड आतून घासले जाते, शिक्का पुसला जातो, जादा भोके बुजवली जातात. वस्तू चकचकीत होते आणि मुकी होते.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन जॅझवादक आले. कलकत्त्यात टेडी वेदरफर्ड १९४५ साली तेथेच निवर्तला. गोव्याच्या वादकांनी ही विद्या आत्मसात करून ती चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नेली. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतामागे चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाची साथ होती. कावस लॉर्ड यांच्यासारख्या तालवादकांनी हिंदी चित्रपटसंगीताला नवे ठेके दिले. त्या परंपरेतील एखाद्या ड्रमवर विलायती लगाशेजारी येथील लोहाराने घडवलेला स्क्रू दिसला, किंवा कारखान्याच्या कड्याऐवजी स्थानिक सुताराने वळवलेले कडे आढळले, तर परदेशी व्यापारी त्याला ‘अशुद्ध’ ठरवून किंमत पाडील. आमच्या मते तो स्क्रू हाच त्या ड्रमवरील सर्वांत मोलाचा लेख होय. हे वाद्य आपल्याकडे कोणी वाजवले आणि कोणी जगवले, हे त्याच्याखेरीज कोण सांगणार?

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या हाती अशा वस्तूंचे भवितव्य असते. एखाद्या जुन्या क्लबाच्या, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या किंवा पोलीस बँडच्या खोलीतील ‘निरुपयोगी ड्रम, नग चार’ अशी नोंद निर्लेखनासाठी त्यांच्यापुढे येते आणि एका सहीने तो विषय संपतो. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने शोधली ती वाड्यांच्या अडगळीतूनच. त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला तेव्हा त्या रुमालांची किंमत त्यांच्या मालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होती. सही करण्यापूर्वी पुडी उतरवून खोडात एकदा डोकवावे, बिल्ल्याचे व शिक्क्याचे छायाचित्र घ्यावे, आणि डेड स्टॉक रजिस्टरातील खरेदीची मूळ नोंद शोधावी. त्या नोंदीतला दिनांक आणि खोडातला दिनांक जुळले, तर इतिहासाला एक पक्का साक्षीदार मिळतो. न जुळले, तर विचारण्याजोगा एक नवा प्रश्न मिळतो. यास अर्धा तास पुरतो, आणि भंगारात गेलेले खोड मात्र पुन्हा साक्षीला येत नाही.