उकळीवर दाब

साल १९०७, महिना जूनचा. न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसनकाठच्या यॉन्कर्स गावात एका प्रयोगशाळेत तुम्ही पाऊल टाकता. कार्बोलिकचा, म्हणजे फिनॉलचा, उग्र वास नाकात भरतो, पाठोपाठ फॉर्मॅल्डिहाइडने डोळे चुरचुरू लागतात. समोर त्रेचाळीस वर्षांचा बेल्जियन रसायनतज्ज्ञ लिओ बेकलँड. वेलॉक्स हा फोटोचा कागद कोडॅकच्या ईस्टमनला विकून तो १८९९ मध्येच श्रीमंत झालाय. आता त्याला लाखेला पर्याय हवाय. विजेचा पसारा वाढतोय, विद्युतरोधक म्हणून लाख लागते, आणि ती हिंदुस्थानच्या जंगलांतून, किड्यांच्या गतीने येते.

टेबलावरचा, त्या पर्यायाचा एक फसलेला नमुना उचला. भोकाभोकांचा, बोटांत चुरा होणारा. फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड जुळताना पाणी सुटतं, त्याची वाफ होते आणि राळ आतून फुगते. १८७२ मध्ये रसायनतज्ज्ञ अडोल्फ फॉन बायरने अशीच निरुपयोगी राळ पाहिली होती. पुढे इतरांनी ही उकळी टाळण्यासाठी आच मंद ठेवली. बेकलँड आच वाढवतो, आणि सोबत दाबही. बंद लोखंडी भांड्यात वाफेला फुगायला वावच राहत नाही. खरी प्रतिभा मला इथेच दिसते: उकळीला तो भ्यायला नाही.

आता काही वर्षं पुढे चला. १९०९ मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालंय. तुम्ही प्रेससमोर उभे आहात, चिमटीत भुरभुरीत पूड. अर्धवट घडलेली राळ दळून तिच्यात लाकडाचं पीठ मिसळलंय. दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या पोलादी साच्यात पूड पडते, प्रेस खाली येतो. कण मऊ होतात, एकमेकांत मिसळतात, साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतात. ही सवलत थोडाच वेळ. त्याच उष्णतेने रेणूंमध्ये आडवे बंध जुळतात आणि वस्तू कायमची घट्ट होते, भाजलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही तशी.

साचा उघडतो. लाखेचा नग साच्यातच थंड करावा लागे. हा गरमागरमच बाहेर येतो. काळा, तुकतुकीत, कडेला पातळ पापुद्रा आलेला. कामगार तो कानशीने घासतो. फसलेला नग वितळवून परत वापरता येत नाही, म्हणून पूड तोलूनच घालायची: कमी पडली तर कोपरा अपुरा राहतो, जास्त झाली तर कडेने वाया जाते.