नळीचा सांधा: तोड्याच्या बंदुकीपासून रायफलीपर्यंत

बंदुकीच्या नळीला दोन जागी पक्के धरावे लागते. एक जागा लाकडी कुंद्यावरची, दुसरी नळीच्या मागच्या टोकाची, जिथे दारू पेटते. पहिला सांधा ढिला पडला तर नेम चुकतो. दुसरा सुटला तर बंदूक धरणाऱ्याच्या जिवावर बेतते. हे दोन्ही सांधे कसे जोडावेत याची उत्तरे काळानुसार बदलत गेली, आणि त्या प्रत्येक उत्तराबरोबर बंदूक उघडून दुरुस्त करण्याची मुखत्यारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

या बदलांची सुरुवात कल्याणच्या टापूपासून पाहू. खडवली, वासिंद, आसनगाव ही आजची मुंबई लोकलची स्थानके कल्याण बंदर आणि थळ घाट यांच्यामधल्या टापूत येतात. लष्करी दृष्टीने हा टापू नेहमीच मोक्याचा होता. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्यावर 1636 मध्ये शहाजीराजांना मोगल-आदिलशाही फौजांनी वेढले, 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, तर 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. या शतकभराच्या लढायांत पायदळाचे नेहमीचे अग्निशस्त्र तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक हेच होते.

या बंदुकीची नळी तापवून, गुंडाळून, ठोकून घडवलेली असे. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझलने दोन रीती नोंदवल्या आहेत. जुन्या रीतीत पत्र्याच्या कडा एकमेकींना जोडत. अकबराच्या कारखान्यात मात्र पत्रा पिळून त्याचे पदर एकावर एक चढवत आणि टप्प्याटप्प्याने तापवून सांधत. अशी नळी फुटण्याचा धोका कमी असे. मागचे टोक पुष्कळ देशी नळ्यांत लोखंडी बूच ठोकून, तापवून एकजीव केलेले असे. ते पुन्हा उघडण्यासाठी नव्हतेच. नळी आतून साफ करायची ती तोंडाकडूनच.

कुंद्याशी असलेला सांधा मात्र अगदी मोकळा होता. लाकडात नळीच्या मापाची खाच कोरायची, तीत नळी बसवायची आणि वरून तार, चामड्याची वादी किंवा पितळेच्या पट्ट्या आवळायच्या. कच्चे चामडे ओले असताना गुंडाळले की वाळताना आक्रसून घट्ट बसते. लढाईत कुंदा मोडला तर त्याच वाद्या कापून तीच नळी नव्या लाकडावर चढवता येई. त्यामुळे एका नळीच्या वाट्याला आयुष्यभरात अनेक कुंदे येत, आणि हे काम गावातल्या सुतार-लोहाराच्या आवाक्यातले होते. या साध्या बांधणीला मागासलेपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे आहे. जिथे दुरुस्तीचे सामान शंभर कोसांवर असे, तिथे ती शहाणपणाची होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांनी दुसरी पद्धत आणली. कंपनीच्या चकमकी बंदुकीला 39 इंची नळी असे, आणि हाच नमुना 18 व्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यानेही उचलला. तिच्या नळीखाली छोट्या कड्या असत, कुंद्यातून आडव्या घातलेल्या बारीक खिळा त्या कड्यांतून ओवल्या जात. मागच्या टोकाला आटे पाडलेले बूच आणि त्याच्या शेपटीतून कुंद्यात उतरणारा पेच. बाहेरून पाहता बांधणी दिसत नसे, पण वारंवार खिळा काढल्या की लाकडातली भोके मोठी होत. फ्रेंचांनी 18 व्या शतकातच नळी आणि कुंदा यांना मिळून कवटाळणाऱ्या धातूच्या पट्ट्या स्वीकारल्या होत्या. 1853 च्या एन्फिल्ड रायफलीवर तशाच तीन पट्ट्या आल्या. तत्त्व देशी बंदुकीचेच, फक्त तारेच्या जागी पेचाने आवळता येणारी लोखंडी पट्टी. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर वापरल्या गेलेल्या ठासणीच्या बंदुका याच घराण्यातल्या.

मागून काडतूस भरण्याची सोय आली आणि खरा फरक पडला. 1866 पासून स्नायडरच्या पद्धतीने जुन्या एन्फिल्डच्या नळीचे मागचे टोक कापून तिथे उघडणारा सांगाडा आट्यांनी बसवण्यात आला. 1871 च्या मार्टिनी-हेन्रीत आणि पुढे ली-एन्फिल्डमध्ये नळी थेट पोलादी देहात पिळून बसवली जाऊ लागली. आता कुंदा केवळ धरायला उरला. बाराचा सगळा भार आट्यांवर आला.

आट्यांच्या या सांध्याला अचूकतेची अट आहे. नळी पूर्ण आवळली गेल्यावर पुढची माशी बरोबर वरच यावी लागते. शिवाय बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, बंद केल्यावर त्याच्या आणि नळीच्या मध्ये काडतुसाच्या कडेसाठी ठरल्याइतकीच जागा राहावी लागते. .303 काडतुसासाठी ही मर्यादा 0.064 ते 0.074 इंच. अंतर जास्त झाले तर पितळी टरफल फाटून तापलेला वायू मागे येऊ शकतो. ली-एन्फिल्डच्या क्र. 4 रायफलीत यावर चांगला तोडगा होता. बोल्टची पुढची डोकी 0 ते 3 अशा क्रमांकांची, लांबीत किंचित फरक असलेली असत, आणि शस्त्रकारागीर मापून योग्य ते डोके बसवी. पण त्यासाठी मापे, लेथ आणि शिकलेला हात हवाच. 1878 च्या शस्त्र कायद्याने हत्यार बनवणे, त्यात फेरफार करणे आणि विकणे परवान्याखाली आणले होते. कायदा आणि लेथ या दोहोंनी मिळून गावच्या लोहाराचा हा धंदा संपवला. स्वातंत्र्यानंतर 1953 मध्ये कल्याणजवळ अंबरनाथला यंत्र-अवजारांचा आदिरूप कारखाना निघाला. अशा अचूक कामासाठी लागणारी यंत्रे ही आता कारखान्याची बाब झाली होती.

19 व्या शतकाच्या अखेरीपासून पर्याय पुन्हा वाढले. 1898 च्या माउझरमध्ये नळीचे टोक देहातल्या आतील कड्यावर टेकते. ही बसवणी भक्कम, पण नळी बदलणे कारागिराचेच काम. 1958 च्या सॅव्हेज 110 मध्ये नळीवर वेगळी चाकी आली: मापाचा ठोकळा घालून नळी हवी तितकी पिळायची, मग चाकी आवळून ती जागीच जखडायची. तयार नळ्या आणून बदलणाऱ्यांना ही रीत सोयीची ठरली, कारण प्रत्येक नळीचा खांदा लेथवर वेगळा कापावा लागत नाही. 1959 च्या एकेएम रायफलीने उलट दिशा घेतली. पत्र्याच्या देहात पक्के बसवलेल्या खोबणीत नळी दाबून आडवी पिन ठोकायची. कारखान्यात हे झपाट्याने होते, बाहेर नळी बदलणे अवघड जाते.

.22 च्या स्पर्धा-रायफलींत दाब कमी असल्याने हलका सांधाही पुरतो. या काडतुसाचा कमाल दाब सुमारे 1,700 बार, तर .308 चा 4,150 बार. म्हणून .22 च्या काही रायफलींची नळी पिना किंवा आवळपेचांवर टिकते, .308 मध्ये सहसा आटेच असतात. नेमबाज तेजस्विनी सावंत 2010 मध्ये 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर तीन स्थितींमध्ये कांस्यपदक मिळवले, ते दोन्ही प्रकार .22 चेच. भारतात मात्र यातली कोणतीही पद्धत घरच्या घरी निवडता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदूक बनवणे, तिच्यात फेरफार करणे आणि तिची दुरुस्ती करणे हे परवानाधारकाचेच काम आहे, आणि नळी आखूड करायची तर कलम 6 प्रमाणे त्यासाठीही परवाना लागतो.