खिमा पास्ता (महादेवपुरा)

खिमा पास्ता : मटणाचा खिमा, कांदा, गाजर आणि टोमॅटो यांच्या दाट सॉसमध्ये पास्ता घोळवून केलेला पदार्थ. मूळ इटलीतील ‘रागू’ हा मांसाचा सॉस. बंगळुरूच्या पूर्वेला महादेवपुऱ्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी घरांत तो प्रेशर कुकरच्या आधाराने तासाभरात होतो. ही नोंद त्याच्या या झटपट रूपाविषयी आहे.

रागूंमध्ये बोलोन्या शहराचा रागू सर्वांत प्रसिद्ध. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांच्या १८९१ मधील पाकशास्त्राच्या ग्रंथात बोलोन्या पद्धतीच्या मॅकरोनीची कृती आहे. तिच्यात वासराचे मांस, खारवलेले डुकराचे मांस, लोणी, कांदा, गाजर आणि सेलरी आहे, टोमॅटो नाही. तो पुढे आला, आणि बेतानेच आला. इटालियन पाककला अकादमीने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाकडे नोंदवलेल्या कृतीत ३०० ग्रॅम गोमांसाला पाच चमचे टोमॅटो सॉस, अर्धा पेला वाइन आणि एक पेला दूध असे प्रमाण होते. ही नोंद २०२३ मध्ये सुधारण्यात आली. तिकडे हा सॉस मंद आचेवर दोन-तीन तास रटरटतो आणि अंडे घालून केलेल्या रुंद फितींच्या पास्त्याबरोबर खाल्ला जातो. स्पॅगेटीशी त्याची जोडी बोलोन्याबाहेर जमली.

महादेवपुरा ही २००७ पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती. आउटर रिंग रोड, व्हाइटफील्डकडची आयटी संकुले आणि २०२३ मध्ये या भागात पोहोचलेली जांभळी मेट्रो यांवर इथल्या घरांची संध्याकाळ ठरते. मराठी घरात वारही पाहावे लागतात. सोमवार, गुरुवार पाळणाऱ्या आणि मंगळवारी उपास असणाऱ्या घरात सामिष जेवणाला कामाचे दिवस दोनच उरतात, बुधवार आणि शुक्रवार. रविवारी रस्सा-भाकरी सावकाश करता येते. खिमा पास्ता उपयोगी पडतो तो बुधवारी, रात्री आठला घरी पोहोचणाऱ्याला.

चार माणसांना ४०० ग्रॅम खिमा आणि ३०० ग्रॅम पास्ता पुरतो. इथल्या दुकानात खिम्याला ‘कैमा’ म्हणतात. बोकडाच्या मांसात चरबी कमी. इटलीत डुकराची चरबी जो ओलावा देते तो इथे मिळत नाही, म्हणून नुसत्या लाल मांसाचा सॉस कोरडा आणि रवाळ लागतो. खांद्याचे मांस घ्यावे आणि थोडी चरबी घालून जाडसर खिमा करून मागावा. मांस धुवायचे ते तुकडे असतानाच. खिमा झाल्यावर धुतला तर तो पाणी धरून ठेवतो आणि परतला जाण्याऐवजी उकडतो. अखंड मांसापेक्षा खिमा लवकर खराब होतो, कारण त्याचा फार मोठा भाग हवेला आणि हातांना लागलेला असतो. तो त्याच रात्री शिजवावा किंवा आणल्याबरोबर फ्रीझरमध्ये ठेवावा.

या पदार्थात घाई कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे कळणे सर्वांत महत्त्वाचे. मांस मऊ होण्याचा वेळ कुकर वाचवतो. परतण्याचा वेळ मात्र वाचवता येत नाही, आणि बहुतेक घरी सॉस फिका होतो तो इथेच. बारीक चिरलेला कांदा, त्याच्या निम्मे गाजर आणि सेलरीची एक दांडी तेलात मध्यम आचेवर दहा मिनिटे परतावी. कांदा गोडसर वास देऊ लागला पाहिजे. सेलरी मिळाली नाही तर गाजर थोडे वाढवावे, पण कोथिंबीर घालू नये. भाज्या बाजूला काढून त्याच रुंद कढईत, मोठ्या आचेवर, खिमा पातळ पसरावा आणि लगेच ढवळू नये. आधी त्याचे पाणी सुटते आणि आटते. ते आटेपर्यंत कढईतले तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. मांसाला खमंग तपकिरी रंग आणि चव देणारी रासायनिक क्रिया वेगाने घडायला साधारण १४० अंश लागतात. म्हणून तेल सुटून चर्र आवाज येऊ लागल्यावरही चार-पाच मिनिटे धीर धरावा. तळाला धरलेला तपकिरी थर पाण्याच्या हबक्याने सोडवून सॉसमध्येच घ्यावा, अर्धी चव त्यात असते.

टोमॅटो कोलारचे. तिथली बाजार समिती टोमॅटोच्या देशातील मोठ्या बाजारांपैकी एक असून महादेवपुऱ्याहून रस्ता थेट आहे. बंगळुरूच्या बाजारात हायब्रिड आणि ‘नाटी’ म्हणजे गावठी असे दोन्ही प्रकार असतात. नाटी टोमॅटो रसाळ आणि आंबट, सॉसला तोच बरा. चार टोमॅटो किसून, मीठ, मिरपूड आणि अर्धी वाटी पाणी घालून सगळे कुकरमध्ये लावावे. पहिली शिट्टी झाली की आच कमी करून बारा मिनिटे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने उघड्या भांड्यात पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. कुकरमध्ये ते १२० अंशांजवळ जाते. कुकर आपोआप गार होईतो पास्ता शिजतो. झाकण उघडल्यावर अर्धी वाटी घट्ट दूध, इथे नंदिनीचे, हळूहळू घालून पाच मिनिटे उकळावे. टोमॅटोचा तीव्रपणा जातो. दूध कुकर लावण्याआधी घातले तर फाटते.

पास्ता निवडताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला पाहावा. मैद्याचा पास्ता लगदा होतो. ड्युरम आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात बन्सी, बक्षी म्हणतात तोच हा गहू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हे त्याचे अलीकडचे वाण, आणि कर्नाटकात उप्पिट्टूला वापरतात तो बन्सी रवाही याचाच.

१०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, असा इटालियन दंडक आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटून महादेवपुऱ्यातली संकुले टँकरवर आली, तेव्हा तीन लिटर पाणी उकळून ओतून देणे कोणालाही जड गेले असते. त्याची गरजही नाही. अन्नविज्ञानावर लिहिणारे हॅरॉल्ड मॅगी यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की फार कमी पाण्यातही पास्ता चांगला शिजतो, फक्त ढवळत राहावे लागते. ३०० ग्रॅमला सव्वा लिटर पाणी आणि दोन लहान चमचे मीठ पुरे. हे पाणी पिठाळ होते, आणि तेच इथे हवे असते: त्यातला स्टार्च चरबी आणि रस एकजीव करतो, सॉस पास्त्याला चिकटतो. पाकिटावरच्या वेळेपेक्षा इथे मिनिटभर जास्त लागतो, कारण पाणी कमी तापमानाला उकळते. तरीही मध्यभागी किंचित कणी असतानाच पास्ता काढून, वाटीभर पाण्यासह, उरलेले शिजणे सॉसमध्ये होऊ द्यावे.

आले-लसूण वाटण, हळद, गरम मसाला यांतले काहीही घातले की चांगला खिमा होतो, पण तो पावाबरोबर खायचा. इथे मांसाची आणि कांद्याची चव पुढे यावी लागते. वरून किसलेले चीज चिमूटभरच घालावे. मोझारेला घातले तर तारा सुटून सगळ्याचा गोळा होतो.

सॉस दुप्पट करून ठेवणे शहाणपणाचे. फ्रीजमध्ये तो दोन-तीन दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतो. पास्ता मात्र दरवेळी ताजा उकडावा. शुक्रवारी मग फक्त पाणी उकळायचे उरते.