विक्रांत कुठे अडली?

बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथल्या सी हॉक विमानापुढे उभं राहून मुलाने विचारलं, "बाबा, विक्रांत आपणच बांधली ना?" मी म्हटलं, "कुठली? जुनी की नवी?"

डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्तीच्या वेळी, आपल्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात गस्त घालणारी विक्रांत इंग्रजांची. १९४३ साली बांधायला घेतलेली, महायुद्ध संपल्यावर अर्धवट पडलेली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि मार्च १९६१ मध्ये ती नौदलात आली. पहिला पत्रा कापण्यापासून अशी नौका स्वतः बांधायची म्हणजे काय, हे आपल्याला नव्या विक्रांतनेच शिकवलं.

मंजुरी २००३ ची. कोचीच्या गोदीत पोलाद कापायला सुरुवात झाली २००५ मध्ये आणि कील बसवली फेब्रुवारी २००९ मध्ये. अडलं ते पोलादावर. युद्धनौकेचं पोलाद म्हणजे घराच्या स्लॅबची सळई नव्हे. स्फोटाचा धक्का बसला तर ते वाकलं तरी चालेल, तडकता कामा नये. शिवाय वेल्डिंग नीट व्हायला हवं. ते रशियाकडून यायचं होतं, पण वेळेवर येईना. शेवटी हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने डीएमआर २४९ हे पोलाद विकसित केलं आणि सेलच्या कारखान्यांत ते तयार झालं. उड्डाणाच्या डेकसाठी त्याचाच वेगळा प्रकार लागला. मला तरी या सगळ्या प्रकरणातली खरी कमाई हीच वाटते, कारण पुढे कामोर्ता वर्गाच्या युद्धनौकाही याच पोलादाच्या झाल्या.

त्यानंतर गिअरबॉक्स. टर्बाइनचा प्रचंड वेग पंख्याला झेपेल इतका कमी करणारं हे यंत्र; तेही उशिरा आलं. जनित्रं आणणाऱ्या ट्रकला तर रस्त्यातच अपघात झाला. डिसेंबर २०११ मध्ये जहाज गोदीतून तरंगवून बाहेर काढलं, तेव्हा आत कितीतरी काम बाकी होतं. कचेरीत वर्षं काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. जाडजूड फाईल एका दाखल्यासाठी कशी पडून राहते, ते आम्ही रोज बघतो.

रीतसर जलावतरण ऑगस्ट २०१३ मध्ये, सागरी चाचण्या ऑगस्ट २०२१ मध्ये आणि नौदलात प्रवेश २ सप्टेंबर २०२२ रोजी. लांबी २६२ मीटर, खर्च सुमारे २० हजार कोटी. ७६ टक्के भाग स्वदेशी म्हणतात, पण चारही गॅस टर्बाइन अमेरिकन बनावटीच्या.

यात आपल्या दाबोळीचाही वाटा आहे. तिथे जमिनीवरच जहाजासारखा वर वळलेला उतार आणि विमान अडवणाऱ्या तारा बसवल्या आहेत. नौदलाचं तेजस डिसेंबर २०१४ मध्ये त्या उतारावरून उडालं, सप्टेंबर २०१९ मध्ये तारेला अडकून उतरलं आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी खुद्द विक्रांतवर उतरलं. मिग-२९ के सुद्धा त्याच दिवशी.

मुलाने एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता त्यावर तेजसच असणार?"

"नाही रे. सध्या मिग आहेत, रशियाची. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सकडून २६ राफेल घ्यायचा करार झालाय."

तोवर तो पुढच्या विमानापाशी पोचलाही होता. जुन्या विक्रांतवरचं अलिझे. तेही फ्रेंचच.