घटना खरंच कॉपी-पेस्ट आहे का?

मूलभूत हक्क अमेरिकेचे, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडची, संसदीय पद्धत ब्रिटनची. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधला हा तक्ता पाठ केला की राज्यघटना संपते. मी कोड लिहिणारा माणूस. आमच्याकडे दुसऱ्याची लायब्ररी वापरली म्हणून कुणी नाक मुरडत नाही. ती कुठे बसवली, काय बदललं, एवढंच विचारतात.

टीका तेव्हाही झालीच. के. हनुमंतय्या संविधान सभेत म्हणाले, हवं होतं वीणा-सतारीचं संगीत आणि मिळाला इंग्रजी बँड! बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडतानाच सांगितलं होतं की उसनं घेण्यात लाज कसली, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं. खंत एवढीच, की १९३५ च्या कायद्यातून घेतलेला भाग बहुतेक प्रशासकीय तपशिलाचा होता.

कलम २१ ची गोष्ट तर भारीच. सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटले. त्यांनी ‘ड्यू प्रोसेस’बद्दल सावध केलं. ते शब्द गेले आणि ‘कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती’ आली, जपानच्या घटनेवरून. आणि त्या घटनेचा मसुदा केला होता जपानवर ताबा असलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी! फरक नुसता शब्दांचा नव्हता. १९५० च्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संसदेने रीतसर कायदा केलाय ना, मग तो न्याय्य आहे का हे आम्ही बघणार नाही. गोपालन तुरुंगातच राहिले. १९७८ ला मनेका गांधी खटल्यात ठरलं की कार्यपद्धती न्याय्यही हवी. दारातून घालवलेला पाहुणा खिडकीतून आत आला.

आता कलम १५(२) बघा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरायला जातीवरून कुणाला अडवायचं नाही. हे कुठल्या देशाकडून घेतलं, याचं उत्तर त्या तक्त्यात नाही. ते मुंबईत आणि महाडमध्ये सापडतं. १९२३ ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांनी ठराव मांडला: सार्वजनिक पैशातून बांधलेले, राखलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. महाड नगरपालिकेने तळं कागदावर खुलं केलं, पण २० मार्च १९२७ ला लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले तेव्हा मार खावा लागला. मग खटला, तो थेट १९३७ पर्यंत. घटनेतलं कलम १५(२) उघडून वाचा. पाणवठे कुठले, तर पूर्णपणे किंवा काही अंशी सरकारी पैशातून राखलेले. आता परत बोलेंचा ठराव वाचा.