नातेवाईक आणि विलगीकरण

नागपूरच्या मेयो आणि मेडिकल या मोठ्या सरकारी रुग्णालयांत स्ट्रेचर ढकलणे, औषधे आणणे, डबा भरवणे ही कामे मनुष्यबळाच्या तुटवड्यामुळे नातेवाइकांच्याच वाट्याला येत गेली. संसर्गजन्य रोगात मात्र हीच सोबत धोक्याची ठरते. रुग्णाला घरच्यांपासून वेगळे ठेवणे, म्हणजेच विलगीकरण, 1897 च्या साथरोग कायद्याने सक्तीचे करता येऊ लागले. परंतु त्याआधीच, ऑक्टोबर 1896 मध्ये, प्लेगच्या साथीतील विलगीकरणाविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला चढवला होता, आणि पुढे सरकारने ज्ञातिनिहाय प्लेग रुग्णालयांना परवानगी देऊन आप्तांना रुग्णाजवळ येऊ दिले. ही माघार शहाणपणाची होती. मार्च 2020 मध्ये नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा अतिदक्षता विभागाचे, म्हणजे गंभीर रुग्णांवर अखंड देखरेख ठेवणाऱ्या कक्षाचे, दार आप्तांना पुन्हा बंद झाले. त्याच महिन्यातील केंद्रीय सूचनांनी मृतदेहाच्या पिशवीची चेन कर्मचाऱ्याने उघडून अंत्यदर्शन घडवण्यास मुभा दिली, मात्र आंघोळ घालणे व कवटाळणे निषिद्ध ठरवले.